आईचे माहेर आणि परवलीचा शब्द

लग्नसराईत शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखाद्या घरी आलेली निमंत्रणपत्रिका वाचून पाहावी. वधूवरांची संपूर्ण नावे, वडिलांचे व आजोबांचे नाव, मूळ गाव आणि त्याखाली मामांची नावे आडनावांसह ठळक टाइपात छापलेली असतात. शेकडो प्रती वाटून जे गावोगाव जाहीर केले जाते, त्यालाच संगणकाच्या जगात ‘गुपित’ मानले गेले आहे. ‘आपल्या आईचे माहेरचे आडनाव काय?’ हा प्रश्न बँका आणि संकेतस्थळे खातेदाराची ओळख पटवण्यासाठी वर्षानुवर्षे विचारीत आली. मामाचे आडनाव ठाऊक असलेल्या कोणालाही त्याचे उत्तर देता येते.

हा प्रश्न ज्या समाजात रूढ झाला, तेथे शेजाऱ्याला शेजाऱ्याचे आजोळ सहसा माहीत नसते. आपल्याकडे ते साऱ्या वाडीला माहीत असते. पहिली शाळा विचारावी, तर बहुतेकांचे उत्तर गावची जिल्हा परिषदेची शाळा. जन्मगाव विचारावे, तर पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रिवाजामुळे पुष्कळदा पुन्हा आजोळच. टोपणनाव आणि वाढदिवस चौकातल्या फलकावर छायाचित्रासह झळकतात. आवडते दैवत विचारले, तर रांजणगावच्या परिसरात काय उत्तर येईल हे सांगायला ज्योतिषी नको! अर्थात अमेरिकेतही हे कुलूप फारसे भक्कम ठरले नाही. सप्टेंबर २००८ मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांची याहूवरील टपालपेटी एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याने उघडली. पतीची आणि त्यांची भेट कोठे झाली, या सुरक्षा प्रश्नाचे उत्तर त्याला जाहीर माहितीतूनच मिळाले होते.

गूगलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये अशा कोट्यवधी उत्तरांची छाननी प्रसिद्ध केली. आवडता खाद्यपदार्थ कोणता, याचे इंग्रजी भाषकाने दिलेले उत्तर पहिल्याच अंदाजात साधण्याची शक्यता १९.७ टक्के निघाली. उलट, अमेरिकेतील इंग्रजी भाषकांपैकी ४० टक्क्यांना स्वतःचेच उत्तर गरजेच्या वेळी आठवले नाही. म्हणजे चोराला सोपा आणि धन्याला अवघड, असा हा पहारा. जून २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने परवलीच्या शब्दासाठी असले प्रश्न सुचवू नयेत आणि कारण नसता तो ठरावीक मुदतीने बदलायलाही लावू नये, असे सांगितले. मुदतीची सक्ती झाली की लेखनिक मुलाच्या नावापुढे एक, मग दोन, मग तीन असे आकडे वाढवीत जातो. त्याने सुरक्षितता तसूभरही वाढत नाही.

परंतु आपल्या तालुक्यांतील खरी अडचण याहून वेगळी आहे. येथे पुष्कळांचा परवलीचा शब्द त्यांचा स्वतःचा नसतोच. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर गेला, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगारांचा भविष्यनिर्वाह निधीही संगणकावर आला. घरबसल्या हे शब्द कागदावर शोभतात. प्रत्यक्षात माणूस बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी येतो आणि सेवा केंद्राच्या रांगेत उभा राहतो. घाईत असलेला केंद्रचालक खाते उघडतो, सर्वांना चालणारा एकच शब्द टाकतो आणि प्रसंगी मोबाइल क्रमांकही आपलाच देतो. त्यात त्याचा दुष्ट हेतू असतोच असे नाही. पुढच्या वर्षी तोच गृहस्थ ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून येणार, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. पण यामुळे शेकडो घरांच्या किल्ल्या एका टेबलाच्या खणात जमा होतात. केंद्र बंद पडले किंवा चालक बदलला, म्हणजे त्या कोणाच्या हाती जातील याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

सुरक्षा प्रश्नांची जागा आता मुख्यतः मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने घेतली आहे. ही सुधारणा खरीच. मात्र क्रमांक आयुष्यभर एकाचाच राहतो, असे तीत गृहीत धरलेले आहे. कामासाठी गाव सोडणारा मजूर स्वस्त योजनेच्या मागे क्रमांक बदलतो. बंद पडलेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो आणि मग खात्याचा निरोप परक्याच्या हाती पडतो. विद्यार्थ्यांचेही असेच. दहावीला मामाचा, अकरावीला मित्राचा क्रमांक दिलेला असतो, आणि प्रवेशाच्या ऐन शेवटच्या दिवशी तो फोन लागत नाही.

नुकसान झाले तर ते कोणाचे, हा प्रश्न यातूनच निघतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने असे ठरवले की, बँकेचाही दोष नाही आणि खातेदाराचाही नाही, अशी फसवणूक कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास खातेदारावर बोजा नाही. परंतु त्याने स्वतः परवलीचा शब्द दुसऱ्याला सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे. नियम म्हणून हे रास्त आहे. तथापि ज्याला दुसऱ्याच्या हातूनच खाते उघडावे लागते, त्याने ‘सांगितले’ म्हणजे नेमके काय केले? शिवाय गुपित नेहमी सामान्य माणूसच फोडतो, असेही नाही. ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटींहून अधिक रक्कम लांबवली गेली, ती बँकेची यंत्रणा भेदून. ठेवीदारांनी आपले शब्द सांगितले म्हणून नव्हे.

सुरक्षा प्रश्नाचे उत्तर खरे असलेच पाहिजे, असे कोठेही बंधन नाही. आईच्या माहेरच्या आडनावाच्या जागी कोणताही असंबद्ध शब्द चालतो. मात्र तो घरच्या वहीत लिहून ठेवला पाहिजे, कारण खोटे उत्तर खऱ्यापेक्षा लवकर विसरते. वहीत लिहिण्याची थट्टा करण्याचे कारण नाही. कपाटातली वही फक्त घरात येणाऱ्याला सापडते. सर्व खात्यांना वापरलेला एकच शब्द मात्र कोठूनही फुटू शकतो. बँकेचा आणि ई-मेलचा शब्द तरी वेगळा व लांब असावा; तीन-चार न जुळणारे मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले तरी चालतात. केंद्रात खाते उघडल्यास त्याच संध्याकाळी, शाळेत शिकणाऱ्या मुलाकडून का होईना, तो बदलून घ्यावा आणि नोंदीतला मोबाइल क्रमांक आपलाच आहे ना, हे पाहावे. पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते. रक्कम पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी ती गोठवण्याची संधी पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.