'हिम' आधी की 'यस्टरडे' आधी? इंग्रजी वाक्यात शब्द सरकला की नेमकं काय बिघडतं?

समजा, एका ऑफिसमध्ये फॉर्म भरून देण्याची मुदत शुक्रवारी संपली. एकाचा फॉर्म आलाच नाही. वरिष्ठांनी विचारणा केली, तेव्हा त्याच्या सहकाऱ्याने ई-मेलवर उत्तर दिलं: 'आय टोल्ड हिम टू सबमिट द फॉर्म ऑन मंडे.' त्याला म्हणायचं होतं, 'मी त्याला सोमवारीच सांगून ठेवलं होतं.' वरिष्ठांनी वाचलं ते असं, 'मी त्याला फॉर्म सोमवारी द्यायला सांगितला.' म्हणजे मुदत उलटून गेल्यावर! चूक एकाची आणि बोलणी दुसऱ्याला.

या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. गोंधळ आहे तो 'ऑन मंडे' या दोन शब्दांच्या जागेचा. ते उचलून 'हिम'च्या लगेच नंतर ठेवले, 'आय टोल्ड हिम ऑन मंडे टू सबमिट द फॉर्म', की सांगणं सोमवारचं आहे हे स्पष्ट होतं.

मग हे शब्द 'हिम'च्या आधी का नाही ठेवायचे? मराठी माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. 'मी काल त्याला भेटलो', 'मी त्याला काल भेटलो', 'त्याला मी काल भेटलो' ही तिन्ही वाक्यं आपल्याकडे चालतात. भर थोडा बदलतो, अर्थ तोच राहतो. इंग्रजीत मात्र 'आय मेट हिम यस्टरडे' बरोबर आणि 'आय मेट यस्टरडे हिम' चूक. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये इंग्रजी सहसा तिसऱ्याला बसू देत नाही. कधी, कुठे, कसं हे सांगणारे शब्द कर्मानंतर येतात, नाहीतर थेट वाक्याच्या सुरुवातीला जातात. 'ऑफन', 'ऑलवेज' यांसारखी क्रियाविशेषणं क्रियापदाच्या आधी बसतात: 'आय ऑफन सी हिम.'

मराठीला ही मोकळीक मिळते ती प्रत्ययांमुळे. 'रमाने सीमाला हाक मारली' आणि 'सीमाला रमाने हाक मारली', दोन्हींत हाक मारणारी रमाच. 'ने' आणि 'ला' आपापलं काम करतात, मग शब्द कुठेही असोत. इंग्रजीत 'रमा कॉल्ड सीमा' उलटं केलं की हाक मारणारी व्यक्तीच बदलते. जुन्या इंग्रजीत नामांनाही असे प्रत्यय होते. साधारण हजारएक वर्षांपूर्वीपासून पुढच्या काही शतकांत ते झिजत गेले आणि कोण कर्ता, कोण कर्म हे सांगण्याची जबाबदारी शब्दांच्या क्रमावर येऊन पडली. गंमत म्हणजे सर्वनामांनी जुनी रूपं टिकवली. 'ही'चं 'हिम' होतं, 'आय'चं 'मी' होतं. म्हणजे 'हिम' कुठेही ठेवलं तरी ते कर्म आहे हे कळायला हवं. तरी त्याला सूट नाही. उलट, सर्वनामाच्या बाबतीत इंग्रजी जास्तच कडक आहे.

कर्म लांबलचक असेल तर इंग्रजी थोडी ढील देते. 'शी रेड केअरफुली द लेटर दॅट हर फादर हॅड सेंट' हे वाक्य चालतं. पण 'शी रेड केअरफुली इट' कधीच नाही. तिथे 'शी रेड इट केअरफुली' असंच हवं. जड मजकूर वाक्याच्या शेवटी आणि हलका आधी, असा हा कल आहे. जर्मन भाषाशास्त्रज्ञ ओटो बेहागेल यांनी 1909 मध्येच अशा स्वरूपाचा नियम मांडला होता. सर्वनाम तर सगळ्यात हलकं. ते आकाराने लहान असतं आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो वाचणाऱ्याला आधीच माहीत असतो.

याच कारणामुळे 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' दोन्ही बरोबर, पण पंख्याऐवजी 'इट' आलं की फक्त 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' म्हटलं की ऐकणारा अडखळतो. इथे अनेकांची फसगत होते, कारण 'लुक आफ्टर हर' आणि 'वेट फॉर हिम' मात्र बरोबर आहेत. ओळखायचं कसं? सर्वनामाच्या जागी नाम ठेवून बघायचं. 'टर्न द फॅन ऑफ' म्हणता येतं, म्हणून 'इट' मध्ये जातं. 'लुक द चाइल्ड आफ्टर' म्हणता येत नाही, म्हणून 'हर' शेवटीच राहतं.

सर्वनामाची आणखी एक सवय माहीत असेल तर लेखी मजकुरातला घोळ टळतो. 'आय कॉल्ड द बॉय फ्रॉम नाशिक' या वाक्याचे दोन अर्थ निघतात: नाशिकच्या मुलाला फोन केला, किंवा मुलाला नाशिकहून फोन केला. तेच 'आय कॉल्ड हिम फ्रॉम नाशिक' म्हटलं की फोन नाशिकहूनच झाला. 'फ्रॉम नाशिक' नामाला चिकटू शकतं, 'हिम'ला चिकटत नाही. ते क्रियापदाकडे जातं. तक्रार अर्जात किंवा जबाबात हा फरक क्षुल्लक नाही.

कर्मानंतर दोन-तीन गोष्टी सांगायच्या असतील तर इंग्रजीचा नेहमीचा क्रम कसं, कुठे, कधी असा आहे: 'शी वेलकम्ड देम वॉर्मली ॲट द स्टेशन यस्टरडे.' मराठीत हेच बहुतेकदा उलटं येतं. 'तिने काल स्टेशनवर त्यांचं प्रेमाने स्वागत केलं.' आरशात पाहावं तसं. आपलं क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीचं आधी, आणि दोन्हीकडे 'कसं' हा भाग क्रियापदाच्या जवळ राहतो. म्हणून मराठी वाक्य डोक्यात जुळवून शब्दाला शब्द ठेवत गेलं की नेमका हाच भाग चुकतो. 'आय टोल्ड टू हिम' हेही त्यातलंच, 'त्याला'मधल्या 'ला'साठी आपण नको तिथे 'टू' घालतो.

आता त्या ई-मेलकडे परत. 'ऑन मंडे' अगदी सुरुवातीला ठेवलं असतं, 'ऑन मंडे आय टोल्ड हिम टू सबमिट द फॉर्म', तरी काम भागलं असतं. आणि खरोखरच सोमवारची मुदत सांगायची असेल, तर शब्द सरकवत बसण्यापेक्षा वाक्य बदललेलं बरं: 'आय टोल्ड हिम दॅट द फॉर्म वॉज ड्यू ऑन मंडे.'