गहुंजेचे मैदान आणि पवनेचे पाणी

पुण्याहून मुंबईकडे जाणारा द्रुतगती मार्ग किवळ्याला धरला, की थोड्याच वेळात गहुंजे गाव येते. तिथे पांढऱ्या छपरांचे एक भलेथोरले क्रीडांगण उभे आहे. पवनानगर, कामशेत, वडगाव या बाजूच्या मंडळींना ते चांगले परिचयाचे. पण “गुरुजी, शहर सोडून ते इथे मावळात का बांधले?” असे एखाद्या मुलाने वर्गात विचारले, तर उत्तर द्यायला थोडे मागे जावे लागेल.

महाराष्ट्राचा क्रिकेट संघ जुना आणि नामांकित. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली त्याने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकला. १९४८ च्या डिसेंबरात पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या नऊ धावांवर राहिला असता प्रतिपक्षाने पुढे खेळायचेच नाकारले! असो. सांगायचे ते एवढेच, की संघ नावाजलेला, पण संघटनेला स्वतःचे घर नाही. पूना क्लबचे मैदान क्लबचे, आणि पुढे स्वारगेटजवळचे नेहरू स्टेडियम महापालिकेचे. त्याच नेहरू स्टेडियमवर १९९६ च्या विश्वचषकात केनियासारख्या नवख्या संघाने वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले. मोठमोठे सामने झाले खरे, पण संघटना राहिली भाडेकरूच.

आता भाडेकरू आणि घरमालक यांचे कशावरून बिनसते, ते मी तुम्हाला सांगायला नको. इथे बिनसले तिकिटांवरून. सामन्याची किती तिकिटे कोणाला द्यायची, यावर महाराष्ट्र क्रिकेट संघटना आणि महापालिका यांचे जमेना. मुंबईतही पूर्वी अस्सेच झाले होते. ब्रेबोर्न स्टेडियमवरील जागांच्या वाटपाचा वाद विकोपाला गेला, आणि १९७४-७५ च्या सुमारास हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम उभे राहिले. पुण्याच्या संघटनेला एवढी मोठी जागा शहरात कुठून मिळणार? ती आली गहुंज्याला.

आराखडा लंडनच्या हॉपकिन्स या वास्तुशिल्पींनी केला. लॉर्ड्सच्या मैदानावरील तंबूसारख्या छताचा सज्जा त्यांचाच. डिसेंबर २०११ मध्ये महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेश यांचा रणजी सामना इथे झाला. १ एप्रिल २०१२ रोजी रीतसर उद्घाटन झाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात भारत-इंग्लंड असा पहिला आंतरराष्ट्रीय सामना. आरंभी मैदानाला एका उद्योगसमूहाचे नाव दिले होते. ठरलेले पैसे आले नाहीत, म्हणून पुढच्याच वर्षी ते उतरवले गेले.

इमारतीचे हे झाले. पण मैदान म्हणजे काही नुसती इमारत नव्हे. मैदान म्हणजे माती, गवत आणि पाणी, आणि त्यातही मुख्य पाणी. बावीस यार्डांची खेळपट्टी चिकणमातीची असते. तिला पाणी पाजायचे, माती वाफशावर आली की रोलर फिरवायचा, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. असे दिवसचे दिवस केले म्हणजे मातीचे कण एकमेकांना घट्ट धरतात आणि गवताची मुळे त्यांना बांधून ठेवतात. शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय हे कळते; त्याला खेळपट्टीचे शास्त्र निम्मे येतेच म्हणा ना! पाणी तोडले की तीच माती भुसभुशीत होते आणि तिला भेगा पडतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये इथे पहिला कसोटी सामना झाला, तेव्हा खेळपट्टी अशीच कोरडी ठणठणीत होती. चेंडू हातभर वळू लागला. ऑस्ट्रेलियाच्या ओ’कीफने दोन्ही डावांत सहा-सहा बळी घेतले. भारताचे डाव १०५ आणि १०७ धावांत आटोपले, आणि पाच दिवसांचा सामना तिसऱ्याच दिवशी संपला. सामनाधिकाऱ्यांनी खेळपट्टीला ‘खराब’ असा शेरा दिला.

मग हे पाणी येते कुठून? गहुंजे पवनाकाठचे गाव. पवनानगरच्या धरणातून सोडलेले पाणी नदीपात्रातून वाहत खाली येते, आणि पिंपरी-चिंचवड शहर ते रावेतच्या बंधाऱ्यावर उचलते. वाटेत दोन्ही काठांचे शेतकरी मोटारी लावून आपली पिके भिजवतात. नदीत पाणी असले म्हणजे काठच्या विहिरींनाही आधार राहतो. तेच पाणी धरणापासून शहरापर्यंत बंद नळातून न्यायचे ठरले, तेव्हा मावळचा शेतकरी बिथरला, आणि त्याचे कारण हेच. नळातले पाणी दारावरून जाते, पण पोहऱ्यात येत नाही. धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या पुनर्वसनाचे दुखणेही होतेच. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्याच रस्त्यालगत, चारच महिन्यांनी, गहुंज्याला पहिला रणजी सामना खेळला गेला. या दोन तारखा शिक्षकांनी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहाव्यात, असे मला वाटते.

पुढे मैदानाच्या पाण्याचा प्रश्न न्यायालयात गेला. आयपीएलचे सामने नेमके एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे विहिरी तळ गाठतात तेव्हा. गवताला तहान लागते तीही तेव्हाच. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलअखेरनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला. २०१८ साली तर गंमतच झाली. कावेरीच्या पाण्याच्या तंट्यामुळे चेन्नईचे सामने तिथे होईनात, ते गहुंज्याला आले. आणि इथे न्यायालयाने मैदानासाठी पवनेचे पाणी उपसायला तात्पुरती मनाई केली! एका नदीच्या भांडणातून उठून पाहुणे दुसऱ्या नदीच्या भांडणात येऊन पडले. सामने मात्र पार पडले.

माझ्यापुरते विचाराल, तर मैदान असू नये असे मी म्हणणार नाही. मावळातल्या पोरांना जगातले खेळाडू घराजवळ पाहायला मिळतात, ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामने इथे झाले. पण गवतावर पडणारे पाणी कोणाच्या वाट्यातले, हे विचारायचा हक्क नदीकाठच्या माणसाला आहेच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडविरुद्धचा कसोटी सामना झाला, आणि मायदेशात बारा वर्षे न हरलेल्या भारताने इथे मालिका गमावली. पण पहिल्या दिवशी आरडाओरडा झाला तो वेगळ्याच कारणाने. सज्जांचा बराच भाग उघडा, वर ऑक्टोबरचे ऊन, आणि हजारो प्रेक्षकांना प्यायचे पाणीच पुरेना. संघटनेने माफी मागितली आणि मग पाणी फुकट वाटले.