कातावलेला माणूस
‘कातावणे’ हा शब्द हल्ली फारसा कानावर येत नाही. आता सगळे ‘इरिटेट’ होतात! आमच्या लालबागच्या चाळीत मात्र तो रोजचा होता. चिडायला क्षण पुरतो. कातावायला तीच कटकट दिवसेंदिवस सोसावी लागते.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत वडीलही. महिने लोटले तसे ते आमटीतल्या मिठावरून, माझ्या मोठ्यानं वाचण्यावरून खेकसू लागले. मी रडवेला झालो की आई स्टोव्हला पंप मारता मारता हळूच म्हणे, ‘‘तुझ्यावर रागावले नाहीत रे ते, कातावलेत.’’

मग मी पुस्तक घेऊन गॅलरीत जाई. थोड्या वेळानं वडीलही येत, शेजारी उभे राहत. समोर गिरणीचा भोंगा मुकाच असे.