लक्षणे नसलेले संसर्ग

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांना मराठीत ‘गुप्तरोग’ म्हणण्याची रूढी जुनी असून, र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून, खटले अंगावर घेऊनही, या विषयावरचा पडदा दूर करण्याचा प्रयत्न केला. वर्गाच्या चार भिंतींत मात्र तो बहुधा अजूनही तसाच लोंबतो आहे.

किशोरवयीनांना सर्वप्रथम सांगावयाची गोष्ट म्हणजे, लक्षण नसले तरी संसर्ग असू शकतो. क्लॅमिडिया हा जिवाणूजन्य संसर्ग प्रतिजैविकांनी बरा होतो, परंतु उपचाराअभावी तो स्त्रियांमध्ये निमूटपणे गर्भनलिकांपर्यंत पोहोचून वंध्यत्वास कारण ठरू शकतो. निरोधविषयीची माहितीही मोघम असून चालत नाही. वेष्टनावरील मुदत पाहणे आणि घरोघरी हाताशी असणारे खोबरेल तेल त्याला न लावणे (तेलाने लॅटेक्स, म्हणजे रबराचा पातळ पापुद्रा, कमकुवत होऊन फाटतो), हे तपशील उपदेशापेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचे आहेत.

मानवी पॅपिलोमा विषाणू, अर्थात एचपीव्ही, त्वचेच्या स्पर्शानेही पसरत असल्याने निरोध त्यापासून पूर्ण संरक्षण देत नाही. गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे असलेल्या त्याच्या १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस उपलब्ध आहे; तिच्यात विषाणूचे केवळ प्रथिनांचे रिकामे कवच असते, जनुकीय द्रव्य नसते, त्यामुळे ती संसर्ग घडवू शकत नाही. लसीकरणासाठी ९ ते १४ हे वय सुचवण्यामागे मुलींच्या वर्तनाविषयी कोणताही संशय नाही. विषाणूशी गाठ पडण्यापूर्वीच शरीरात प्रतिपिंडे, म्हणजे त्याला निकामी करणारी प्रथिने, तयार असावीत, एवढाच तो हिशेब आहे.