खिद्रापूरचा नंदी आणि वर्षभराचा डाव

शिरोळ तालुक्यात, कृष्णेकाठी खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ आहे. देऊळ शंकराचं, पण समोर नंदी नाही. लोक सांगतात, दक्षाच्या यज्ञाला सती निघाली तेव्हा नंदी तिच्यासोबत गेला. तो नदीपलीकडे यडूरला आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'सारख्या खेळाची वर्षभराची मोहीम उभी करायला मला एवढं पुरतं.

"एवढ्यावर कसं? आधी अख्खी कादंबरी लिहायला लागत असेल की!"

नाही लागत. सगळ्यांत मोठा गैरसमज हाच, आणि त्याच्या धास्तीने कितीतरी मोहिमा सुरूच होत नाहीत. खेळ चालवणारा, म्हणजे डीएम, फक्त परिस्थिती मांडतो. खेळाडू आपापल्या पात्राच्या वतीने काय करणार ते बोलून सांगतात, आणि जिथे यशाची खात्री नाही तिथे फासा टाकतात. समजा, कृष्णेला पूर चढतोय आणि नावाडी पलीकडे न्यायला तयार नाही. त्याला पटवायला वीस बाजूंच्या फाशावर 15 किंवा जास्त हवेत. पात्राला बोलण्याची खास हातोटी नसेल, तर शक्यता 30 टक्के. दान पडलं नाही, की कुणी पोहायला निघतं, कुणी नाव चोरतं. डीएमने घरून लिहून आणलेली पानं तिथेच वाहून जातात. त्याने वहीत टिपायचं ते एवढंच, की नाव कुणाची चोरली. दहाव्या बैठकीला तोच नावाडी समोर उभा राहिला की खेळाडू सावरून बसतात. मोहिमेला महाकाव्याचा आवाका येतो तो असा, मागे केलेल्या गोष्टी पुढे आडव्या आल्यामुळे.

ज्यांनी सिंधुदुर्गातला दशावतार पाहिलाय त्यांना हे परकं वाटू नये. तिथेही संहिता लिहिलेली नसते. कथेचा सांगाडा ठरतो, संवाद नट रंगमंचावरच रचतात. या खेळात शेवटसुद्धा मोकळा.

हा संगणकावरच्या खेळांची नक्कल आहे, असंही ऐकलंय. क्रम उलटा आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेत तीन छोट्या पुस्तिकांत छापला. संगणकावरचे रोलप्लेइंग गेम त्यातून शिकले. आर्नेसनची 'ब्लॅकमूर' मोहीम तर छपाईच्या आधीपासून चालू होती.

फासे आले म्हणजे जुगार आला, हीसुद्धा घरोघरची शंका. इथे पैसा लागत नाही आणि शेवटी कुणी एकटा जिंकत नाही. डीएम राक्षसाच्या तोंडून बोलतो, पण तो खेळाडूंचा वैरी नव्हे. खर्चाचं म्हणाल तर नियमांचा गाभा 2023 पासून खुल्या परवान्यावर फुकट मिळतो. नियम इंग्रजीत असले तरी डाव खुशाल कोल्हापुरीत रंगवा.

आणि पहिल्याच दिवशी जग वाचवायला निघू नका. पात्रं पहिल्या पातळीवर असतात, विसावी फार लांब आहे. त्यांना रात्री खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात उभं करा. छताच्या गोल मोकळ्या जागेतून चांदणं खाली आलंय, भोवती कोरीव खांब. मग गप्प बसा. कुणीतरी विचारेलच, "नंदी कुठाय?"