खर्ऱ्याला वास कशासाठी लावतात?

साधी तंबाखू पहिल्यांदा तोंडात धरल्यावर काय होते, ते आपल्या घरातल्या कोणाही खाणाऱ्याला विचारा. जीभ चरचरते, डोके गरगरते, मळमळते, काहींना उलटी होते. बिडीचा पहिला झुरका घेतला की ठसका लागतो. शरीर स्पष्ट सांगत असते की ही वस्तू माझ्या कामाची नाही. दहा-बारा वर्षांच्या पोराने शरीराचे हे सांगणे ऐकले, तर ते पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. तंबाखू विकणाऱ्याची अडचण इथेच आहे, आणि तिच्यावर त्याने शोधलेला उपाय म्हणजे वास आणि गोडी.

वेलची, केवडा, गुलाब, पुदिना हे सगळे तंबाखूत चवीसाठी घालतात, असे आपण समजतो. खरे तर ते तंबाखूचा कडवटपणा झाकण्यासाठी असतात. पुदिन्यातले मेंथॉल तोंडाला आणि घशाला थंडावा देते, त्यामुळे जळजळ जाणवत नाही. धूर असेल तर तो खोलवर ओढला जातो. आता तरुण पोरे जी टिचकी वाजवून फोडायची गोळी असलेली सिगारेट ओढतात, तिच्यातही हीच करामत आहे. विष तेवढेच राहते, शरीराची तक्रार मात्र बंद पडते.

खर्ऱ्यातल्या चुन्याचे काम निराळे. तंबाखूतले निकोटिन चुन्यामुळे सुटे होते आणि तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून झपाट्याने रक्तात उतरते. म्हणजे वासाने दार उघडायचे आणि चुन्याने आत ढकलायचे. पुढे मेंदू त्या वासाशी तलफ जोडून टाकतो. म्हणूनच खर्रा सोडलेला माणूस पानठेल्यावरून जाताना नुसत्या घोटण्याच्या वासाने थबकतो. तो मनाचा कच्चा आहे म्हणून असे होत नाही, मेंदूला ती सवय लावली गेलेली असते.

आता ही सुरुवात कोणत्या वयात होते ते पाहा. 2019 मध्ये देशभरातल्या शाळकरी मुलांची तंबाखूविषयी पाहणी झाली. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांपैकी 8.5 टक्के मुले कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती. त्याहून दचकवणारा आकडा पुढे आहे. तोंडाने खायची तंबाखू कधी ना कधी घेतलेल्या मुलांपैकी 52 टक्क्यांनी ती वयाची दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच चाखली होती. दहा वर्षांच्या आत! त्या वयाचे मूल कडू तंबाखू कशाला खाईल? त्याच्या हातात आधी गोड सुपारीची पुडी येते. शाळेच्या वाटेवरच्या दुकानात बोरकुटाशेजारी लटकणारी ती रंगीत पुडी आपल्याला निरुपद्रवी वाटते, कारण तीत तंबाखू नाही.

पण सुपारी स्वतःच कर्करोग घडवणारी वस्तू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तसा निष्कर्ष 2004 मध्ये जाहीर केला, आणि तोही तंबाखूशिवायच्या सुपारीबद्दल. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतली कातडी हळूहळू घट्ट, पांढुरकी आणि दोरीसारखी ताठ होत जाते. आधी तिखट झोंबू लागते. आई म्हणते, पोरगा आजकाल भाजीला नावे ठेवतो. मग पाणीपुरी तोंडात मावत नाही, जांभई अर्धीच येते, शिट्टी वाजत नाही. डॉक्टर याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. ताठ झालेली कातडी पूर्ववत मऊ होत नाही. व्यायामाने, इंजेक्शनने किंवा शस्त्रक्रियेने तोंड थोडे उघडू लागते इतकेच, आणि यातल्या काही जणांना पुढे त्याच जागी कर्करोग होतो. पूर्वी हा आजार उतारवयात दिसायचा. पुड्या आल्यापासून विशीतली मुलेही तोंड उघडत नाही म्हणून दाताच्या डॉक्टरांकडे येतात.

पान लावायला वेळ लागतो, पानाला पैसे पडतात. 1980 नंतर पुडी आली आणि पोराच्या खाऊच्या पैशात ते सगळे बसू लागले. बिडी-सिगारेट ही आपल्याकडे तुलनेने लहान गोष्ट आहे. 2016-17 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ खायची तंबाखू घेत होते आणि ओढणारे 3.8 टक्के होते. बायकांमध्ये ही तफावत आणखी मोठी: 16.6 टक्के खाणाऱ्या किंवा मिश्री लावणाऱ्या, ओढणाऱ्या 1.4 टक्के. मिश्रीला आपण दात घासण्यात मोजतो, पण दिवसातून चार वेळा दात घासावेसे वाटतात ते दातांसाठी नव्हे, तलफेसाठी.

वास कोणाच्या दारात नेऊन विकायचा, हेही ठरवून होते. अमेरिकेत सिगारेट कंपन्यांनी मेंथॉल सिगारेटच्या जाहिराती वर्षानुवर्षे काळ्या लोकांच्या वस्त्यांत आणि त्यांच्या मासिकांत केल्या, फुकट पाकिटे वाटली. आज तिथले बहुसंख्य काळे धूम्रपान करणारे मेंथॉलच ओढतात. 2009 मध्ये तिथे इतर चवींच्या सिगारेटवर बंदी आली, मेंथॉलला मात्र सवलत मिळाली. आपल्याकडे पडद्यावरचे नट वेलचीची जाहिरात करतात आणि त्याच नावाची दुसरी पुडी दुकानात टांगलेली असते.

महाराष्ट्रात गुटख्यावर जुलै 2012 पासून बंदी आहे. पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, मावा आणि खर्राही त्या बंदीत आले. म्हणजे कोपऱ्यावर राजरोस घोटला जाणारा खर्रा बेकायदा आहे, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नाही. कारखान्यातल्या पाकिटावर निदान सडलेल्या तोंडाचे चित्र असते. खर्ऱ्याच्या पन्नीवर काहीच नसते. 2020 पासून राज्यात सुटी सिगारेट-बिडी विकायलाही मनाई आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत दुकान लावता येत नाही. मुलाला तंबाखू देणाऱ्याला 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार सात वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आता सांगा, सकाळी दहा रुपये हातात देऊन पोराला ठेल्यावर कोण पाठवते? बंदीचे काय व्हायचे ते होवो, ही पाठवणी आजच बंद करता येते.

तसेच लग्नाचे आणि पुण्यानुमोदनाचे. रात्री जागणाऱ्यांसाठी ताटात सुपारी, खर्रा ठेवायची रीत कोणी घातली कोण जाणे. बडीशेप ठेवली तर पाहुणा काही रुसून जात नाही. पाचव्या शीलात दारू येते, खर्रा कुठे येतो, असा वाद घालणारे काका प्रत्येक वस्तीत एक तरी असतात. तो वाद विहारात खुशाल चालू द्या, काकांना आधी तीन बोटे तोंडात घालून पाहायला सांगा.

ही परीक्षा घरातल्या प्रत्येकाने करावी. आपल्याच हाताची मधली तीन बोटे उभी, एकावर एक, समोरच्या दातांमध्ये जायला हवीत. दोनच जात असतील तर दाताच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. दोन आठवड्यांत न भरणारे तोंड, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल डाग, जिथे पुडी धरता तिथली गाठ, हेही थांबण्यासारखे नाही. दुखत नाही म्हणून काही नाही, असे समजू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखत नाही.

सोडताना पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण. चिडचिड होते, झोप लागत नाही, शौचाला साफ होत नाही. घरच्यांनी त्या दिवसांत टोमणे मारू नयेत. तलफेची लाट काही मिनिटांत ओसरते; तेवढा वेळ पाणी प्या, बाहेर फिरून या. महिनाभरात हा त्रास बराच कमी होतो. तंबाखू सोडून सुपारी धरणे म्हणजे सोडणे नव्हे. निकोटिनचे च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते, पण ते गोळीसारखे सारखे चघळायचे नसते: थोडे चावून गालात धरायचे, पुन्हा चावायचे, आणि त्या वेळी चहा प्यायचा नाही. ज्यांचे तोंड आधीच कमी उघडते त्यांनी च्युइंगम टाळून डॉक्टरांना चिकटपट्टीबद्दल विचारावे.

जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी दंत महाविद्यालयात तंबाखू सोडवण्यासाठी समुपदेशन मिळते. घरबसल्या 1800-11-2356 हा क्रमांक लावता येतो. तो फुकट आहे आणि तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. फोन घरातली बाई करू शकते, पण बोलायला ज्याला सोडायचे आहे त्यालाच द्यावा.