रडार उंच हवे, पण किती?

जयपूरला हवामान खात्याचे डॉप्लर रडार आहे. त्याच्या वाटेत अरवलीचे डोंगर येतील, पण पायाखालची जमीन हलत नाही. गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’सारख्या ५५ फुटी शिडाच्या नौकेवर पायाच कलतो, म्हणून ‘जितके उंच तितके चांगले’ हा नियम तिथे अपुरा पडतो. ४ मीटरवरच्या रडारचे क्षितिज सुमारे ८ किलोमीटर, ९ मीटरवरचे १२. फरक मोठा वाटतो खरा. पण १६ मीटर उंचीचे जहाज तत्त्वतः पहिल्याला २५ आणि दुसऱ्याला २९ किलोमीटरवरून दिसेल. एवढ्यासाठी डोलकाठीवर वजन चढवायचे, म्हणजे नौका आणखी कलणार. लहान रडारचा झोत उभ्या दिशेने साधारण २५ अंशांचाच असतो; नौका १५ अंश कलली की तो एका बाजूला आकाशात आणि दुसऱ्या बाजूला पाण्यात जातो.

नौकेच्या मागच्या टोकाला खांब उभारला, तर रडार समतल ठेवणारी झुलती बैठक सहज बसते आणि दुरुस्तीसाठी डोलकाठीवर चढावे लागत नाही. आक्षेप असा, की मग डोलकाठीच समोर आडवी येते. येते, पण तो आंधळा पट्टा अरुंद असतो आणि नौकेचे तोंड डोलत असल्याने सरकत राहतो. लांबच्या सफरीला, माणसांच्या डोक्यांपेक्षा बराच उंच असा मागचा खांबच बरा.